मुलांनीं पुढें काय करावें? — लढाऊ विमानांचें नियंत्रण

गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे दोन पत्रें एकामागून एक आलीं. एक साताऱ्याचें, दुसरें सांगलीचें. दोन्ही गांवें कृष्णामाईच्या खोऱ्यांतलीं, आणि योग असा कीं, दोन्ही पत्रांतील प्रश्नहि एकच. लढाऊ विमानांना जमिनीवरून वाट दाखविणाऱ्या अधिकाऱ्याचें काम आपल्या मुलास, अगर मुलीस, मानवेल काय? २०२५ च्या मे महिन्यांत पाकिस्तानशीं जो संघर्ष झाला, त्या वेळीं आपल्या हवाई दलाच्या नियंत्रण-कक्षाचीं छायाचित्रें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालीं होतीं. तीं पाहून अनेक तरुणांच्या मनांत ही इच्छा उत्पन्न झाली असल्यास नवल नाहीं.

साताऱ्याचे पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा मुलगा तेथील सैनिकी शाळेंत शिकला. वैमानिक व्हावयाचें हें त्याचें लहानपणापासूनचें स्वप्न. परंतु वैद्यकीय तपासणींत डोळ्यांनीं दगा दिला. आतां तो पदवीच्या शेवटच्या वर्षांत आहे. "विमान चालवितां येत नाहीं, तर निदान विमानांना हुकूम तरी सोडीन," असें तो म्हणतो. पण म्हणतांना त्याचा चेहरा उतरलेला असतो, असें वडील लिहितात. सांगलीचें पत्र एका आईचें आहे. मुलगी गणित घेऊन बी. एस्सी. झालेली, बुद्धिबळ खेळणारी, स्वभावानें अबोल. तिनें आपण होऊन या कामाची सर्व माहिती जमविली आहे. आईची हरकत नाहीं. पण घरांतील आजीबाईंना हें काम मुळींच पसंत नाहीं. त्या म्हणतात, "लढायचें तर स्वतः लढावें. खोलींत बसून दुसऱ्याच्या मुलाला 'जा, लढ' म्हणायचें, हें उंटावरून शेळ्या हांकणें झालें!"

आजीबाईंचा हा आक्षेप आम्हांस दोन्ही पत्रांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटला. त्याचें उत्तर सांपडलें म्हणजे बाकीच्या प्रश्नांचींहि उत्तरें सांपडतील. म्हणून हें काम म्हणजे काय तें प्रथम पाहूं.

विमानतळाच्या उंच मनोऱ्यांत बसून विमानांस उडण्याची व उतरण्याची परवानगी देणारा अधिकारी आपणां सर्वांस ऐकून ठाऊक असतो. विमानें एकमेकांपासून दूर ठेवणें हा त्याच्या सर्व खटाटोपाचा हेतु. लढाऊ विमानांच्या नियंत्रकाचा, ज्याला हवाई दलांत फायटर कंट्रोलर म्हणतात, हेतु नेमका उलट असतो. आपलें विमान शत्रूच्या विमानास नेऊन भिडवावयाचें, तेंहि अशा बाजूनें व अशा उंचीवरून कीं, पहिला वार आपला व्हावा. आणि काम होतांच तें सुखरूप परत आणावयाचें. पायदळाच्या तुकडीबरोबर आघाडीवर राहून विमानांना जमिनीवरचें लक्ष्य दाखविणारे असा तिसराहि एक वर्ग आहे. त्यांस शिपायाएवढेंच अंगबळ व धाडस लागतें. आमच्या दोन्ही पत्रांचा रोख दुसऱ्या वर्गाकडे असल्यामुळें आज तेवढ्यापुरतेंच बोलूं.

वैमानिकाला आकाश सगळें दिसतें, असा आपला समज असतो. वस्तुतः त्याच्या विमानांतील रडार मुख्यतः समोरचें पाहतें. पाठीमागें, खालीं, डोंगराआड काय आहे याची त्यास पुष्कळदां कल्पना नसते. जमिनीवरील मोठ्या रडारांची आणि आकाशांत घिरट्या घालणाऱ्या टेहळणी विमानांची दृष्टि फार दूर पोहोंचते. त्या सर्वांकडून आलेली बातमी एका पडद्यावर एकत्र होते, आणि त्या पडद्यापुढें बसलेला नियंत्रक वैमानिकाचा डोळा होतो. मात्र हा डोळा बोलका हवा, कारण त्याला जें दिसलें तें शब्दांनींच पलीकडे पोहोंचवावयाचें असतें.

यासाठीं वेळ किती मिळतो, याची कल्पना घरबसल्या करतां येईल. समजा, एक विमान अजिंक्यताऱ्यावरून सांगलीकडे निघालें, आणि त्याच क्षणीं दुसरें सांगलीच्या गणपतीच्या देवळावरून साताऱ्याकडे निघालें. दोन्ही गांवांमधील सरळ अंतर सुमारें ११० किलोमीटर आहे. प्रत्येक विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरला, तर मधलें अंतर मिनिटास ३० किलोमीटर या गतीनें तुटत जाईल, आणि चार मिनिटें पुरीं होण्याच्या आंत तीं कऱ्हाडच्या आसपास समोरासमोर येतील. चुलीवर चहाचें आधण ठेवावें आणि त्यास उकळी फुटण्यापूर्वीं सर्व निकाल लागावा, इतका हा वेळ! तेवढ्यांत नियंत्रकानें पडद्यावरचा ठिपका आपला कीं परका हें ठरवावयाचें, त्याची दिशा, उंची व वेग पाहावयाचा, आपल्या विमानास किती अंशांत वळवावें तें सांगावयाचें, त्याचें इंधन किती उरलें याचें भान ठेवावयाचें, आणि त्याच आकाशांतून चाललेलें उतारूंचें विमान त्या गर्दींत सांपडणार नाहीं हेंहि पाहावयाचें. दहा सेकंद तो नुसता विचार करीत राहिला, तर मधले पांच किलोमीटर गेले! शिवाय पडद्यावर नेहमीं एकच जोडी असते असेंहि नाहीं.

हें शास्त्र कांहीं आज जन्मलेलें नाहीं. १९४० सालीं जर्मन विमानें इंग्लंडवर चालून येऊं लागलीं, तेव्हां त्या देशापाशीं लढाऊ विमानें व वैमानिक मोजकेच होते. त्यांना आकाशांत उगाच फिरत ठेवणें परवडणारें नव्हतें. किनाऱ्यावरील रडारच्या मनोऱ्यांकडून व टेहळ्यांकडून आलेल्या बातम्या नियंत्रण-कक्षांत गोळा होत. मोठ्या मेजावर नकाशा पसरलेला असे. त्यावर हवाई दलांतील तरुण मुली लांब दांड्यांनीं सोंगट्या सरकवीत, आणि ती मांडणी वरून पाहणारे अधिकारी वैमानिकांस रेडिओवरून दिशा सांगत. इंग्लंड त्या वर्षीं तगून राहिलें याचें श्रेय वैमानिकांच्या शौर्यास आहेच. पण योग्य विमान योग्य वेळीं योग्य ठिकाणीं पोहोंचविणाऱ्या या व्यवस्थेसहि तें तितकेंच आहे. मेज गेलें, सोंगट्या गेल्या, त्यांच्या जागीं संगणकाचा पडदा आला. काम मात्र मूळचेंच राहिलें आहे.

आपल्याकडील उदाहरण पाहावयाचें तर २२ नोव्हेंबर १९७१ चें पाहावें. बांगला देशाच्या युद्धास रीतसर तोंड लागण्यापूर्वींचे ते दिवस. बंगालच्या सरहद्दीवर बोयरा येथें त्या दिवशीं सकाळीं पाकिस्तानचीं सेबर विमानें दोनदां येऊन गेलीं, आणि दोन्ही वेळां आपलीं विमानें पोहोंचेपर्यंत तीं निघून गेलेलीं होतीं. वरातीमागून घोडें! दुपारीं तीं पुनः आलीं, तेव्हां कलकत्त्याच्या डमडमहून चार छोटीं नॅट विमानें उडालीं. त्यांना वाट दाखविणारे नियंत्रक होते फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची. या वेळीं वेळ चुकली नाहीं. दोन पाकिस्तानी वैमानिक हवाई छत्रीनें खालीं उतरून कैद झाले. त्यांपैकीं परवेझ मेहदी कुरेशी हे पुढें पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. मॅसी, गणपति व लाझारस या आपल्या तिघां वैमानिकांस वीर चक्र मिळालें, आणि त्यांचीं नांवें देशभर गाजलीं. तें यथायोग्यच झालें. परंतु बागची हें नांव आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं पूर्वीं ऐकलें होतें?

या प्रश्नाशींच आमच्या उत्तराचा पहिला भाग येऊन पोहोंचतो. ज्याला आपलें नांव लोकांच्या तोंडीं असल्याशिवाय समाधान होत नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये. हा मनुष्य कितीहि बुद्धिमान्, कितीहि देशभक्त असला, तरी वर्षा-दोन वर्षांत तो कष्टी होईल. कष्टी मनुष्य इतर कचेऱ्यांतून कसाबसा खपून जातो. येथें त्याचें लक्ष ढळलें कीं दुसऱ्याच्या प्राणाशीं गांठ पडते.

सांगली हें मराठी रंगभूमीचें माहेरघर. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला तो तेथेंच. त्या नगरीच्या वाचकांना नाटकांतला दृष्टांत लवकर पटेल. आम्हीं स्वतः तरुणपणीं गणेशोत्सवांतल्या एका हौशी नाटकांत प्रॉम्प्टरचें काम केलें आहे. नायकाचें वाक्य अडलें. पुस्तक आमच्या हातांत, वाक्य डोळ्यांपुढें. परंतु हें वाक्य कीं त्याच्या पुढचें, असा क्षणभर संशय पडला, आणि चुकीचें सांगण्यापेक्षां गप्प बसलेलें बरें, असा विचार आम्हीं केला. तो बिचारा प्रेक्षकांकडे पाहत उभा राहिला. हंशा झाला तो त्याचा. अपराध होता आमचा. त्या रात्रीं आम्हांस कळलें कीं, कांहीं कामांत मौन हीहि एक चूकच असते. नाटकांत तिची शिक्षा हंशावर भागते; आकाशांत भागत नाहीं. आम्ही या कामास अपात्र आहों, हें आम्हांस त्या विंगेंतच समजलें. म्हणूनच इतरांस चार शब्द सांगण्याचा अधिकार आम्ही घेत आहों.

आतां आजीबाईंच्या उंटाकडे वळूं. उंटावर बसून शेळ्या हांकणाऱ्याचा दोष असा कीं, शेळीच्या पायांत कांटा मोडला तरी त्याला त्याची वेदना नसते. नियंत्रकाची गोष्ट तशी आहे काय?

२७ फेब्रुवारी २०१९ हा एकच दिवस घेऊं. आदल्या पहाटे आपल्या विमानांनीं बालाकोट येथें हल्ला केला होता. या दिवशीं सकाळीं पाकिस्तानचीं विमानें जम्मू-काश्मीरवर चालून आलीं. नियंत्रण-कक्षांत पडद्यापुढें स्क्वॉड्रन लीडर मिंटी अग्रवाल होत्या. त्या गर्दींत ज्या वैमानिकांना त्यांचा आवाज वाट दाखवीत होता, त्यांत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान हेहि होते. अभिनंदन यांचें विमान पडलें, ते पकडले गेले आणि १ मार्च रोजीं परत आले, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या व्यक्तीनें क्षणापूर्वीं त्यांच्याशीं बोलणें केलें होतें, तिच्यापुढचा तो ठिपका नाहींसा झाला तेव्हां तिच्या मनाची काय स्थिति झाली असेल, याचा विचार कितीकांनीं केला? तशाहि स्थितींत इतर विमानें आकाशांत होतीं, आणि आवाज कांपूं देतां येत नव्हता. अग्रवालबाईंस त्याच वर्षीं युद्ध सेवा पदक जाहीर झालें. हें पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

त्याच सकाळची दुसरी गोष्ट कडू आहे, पण ती सांगितल्यावांचून या व्यवसायाची शिफारस करणें अप्रामाणिकपणाचें होईल. श्रीनगरजवळ बडगाम येथें आपलेंच एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें. आंतील सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखीं पडले. त्या सहांमध्यें आपल्या नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही मोठी चूक होती, असें पुढें ऑक्टोबर महिन्यांत हवाई दलाचे तेव्हांचे प्रमुख भदौरिया यांनीं जाहीरपणें मान्य केलें. हें फायटर कंट्रोलरचेंच काम होतें असें नव्हे. परंतु पडद्यावरचा ठिपका आपला कीं परका, हा प्रश्न येथेंहि तोच होता, आणि त्याच्या उत्तरावर एका मराठी घराचें छत्र अवलंबून होतें.

आजीबाईंना आमचें नम्र उत्तर असें कीं, या उंटावर बसलेल्याच्या छातींत शेळीच्या पायांतला कांटा आयुष्यभर सलत राहतो. जो लढतो त्याचा जीव धोक्यांत असतो. जो वाट दाखवितो त्याच्यापाशीं दुसऱ्याच्या जिवाची ठेव असते. यांतलें कोणतें ओझें जड, हें ठरविणें कठीण आहे. ज्यास दुसरें ओझें हलकें वाटतें, त्यास हें काम मुळीं कळलेंच नाहीं, असें समजावें.

मग आपल्या मुलांत ही पात्रता आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें? निवडमंडळाच्या परीक्षा आहेतच; पण आईवडिलांनाहि घरांत पुष्कळ कांहीं दिसत असतें. पंगत बसली आहे, वाढणारे दोन आणि पानें तीस, अशा वेळीं कोणाच्या पानांत भात संपला, कोणाला तूप पोहोंचलें नाहीं, हें सगळें ध्यानांत ठेवून, न ओरडतां, न धांवतां वाढणारी मुलगी प्रत्येकीनें पाहिलेली असते. अनेक गोष्टींवर एकदम नजर ठेवण्याची ही शक्ति शिकवून थोडीशीच वाढते. मूळची असावी लागते. दुसरी परीक्षा दूरध्वनीची. स्थानकावर उतरलेल्या परक्या पाहुण्यास आपल्या घराची वाट मुलास सांगूं द्यावी. "तिकडून इकडे या, मग तें दुकान लागेल ना, तिथून थोडें पुढें," असें तो सांगूं लागला, तर त्यास अजून अभ्यास हवा. पाहुणा आतां कोठें उभा आहे, त्याचें तोंड कोणीकडे आहे, हें आधीं विचारून मग थोड्या शब्दांत सांगणारा मुलगा या कामाचा. ऐकणाऱ्याच्या जागीं उभें राहून बोलावयाचें, हें यांतलें मर्म.

बुद्धिबळाचा उपयोग होईल काय, असें सांगलीच्या आईंनीं विचारलें आहे. सांगलीनें बुद्धिबळांत मोठें नांव कमाविलें आहे, आणि पटाचें चित्र डोळ्यांपुढें ठेवून चार चाली पुढचें पाहण्याची संवय केव्हांहि चांगलीच. पण पटावर सोंगट्या आपली पाळी येईपर्यंत थांबतात. येथें सर्व सोंगट्या एकदम धांवत असतात, आणि कांहीं झांकलेल्याहि असतात. म्हणून सावकाश खेळून जिंकणाऱ्यापेक्षां घाईच्या डावांत डोकें शांत ठेवणारा खेळाडू येथें अधिक शोभेल.

चौथी परीक्षा सर्वांत मोठी, आणि ती चुकीची आहे. दुधाचें भांडें हातून सांडलें, तर मूल काय करतें? "माझ्याकडून सांडलें," असें लगेच सांगून फडकें आणावयास धांवतें, कीं मांजराचें नांव घेतें? नियंत्रकानें चुकीची दिशा दिली, तर ती त्याच श्वासांत दुरुस्त केली पाहिजे. पडद्यावर जें दिसत नाहीं तें "दिसत नाहीं" म्हणून सांगितलें पाहिजे. विद्येचा अभिमान असलेल्या आपल्या घरांत मुलांना "मला ठाऊक नाहीं" हें वाक्य जड जातें. वर्गांत पहिल्या येणाऱ्या मुलांना तर फारच. हुशारी पुष्कळ आणि कबुलीची संवय नाहीं, असा मुलगा या जागीं सर्वांत धोक्याचा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रवेशाची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. पदवीधरांसाठीं हवाई दलाची एफकॅट नांवाची लेखी परीक्षा वर्षांतून दोनदां होते. या शाखेसाठीं वयाची मर्यादा २० ते २६, पदवी कोणत्याहि विषयाची चालते, पण गुण साधारणपणें ६० टक्के हवेत. लेखी परीक्षेनंतर निवडमंडळापुढें सुमारें पांच दिवस राहावें लागतें. पहिल्या चाळणींत जे गळतात, त्यांस त्याच दिवशीं परत पाठवितात. पुढें वैद्यकीय तपासणी, आणि हैदराबादेजवळ दुंडिगल येथील हवाई दलाच्या प्रबोधिनींत सुमारें एक वर्षाचें शिक्षण. वैमानिकास डोळ्यांची जी कडक अट असते ती येथें तशी नाहीं. ठराविक मर्यादेपर्यंत चष्मा चालतो. बारावीनंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा मार्ग आहेच. तेथें २०२२ पासून मुलींनाहि प्रवेश मिळूं लागला, आणि १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्यें बाहेर पडली. साताऱ्याची सैनिकी शाळा, जी २३ जून १९६१ रोजीं देशांतील पहिली सैनिकी शाळा म्हणून सुरू झाली, तिचेंहि दार आतां मुलींना उघडें आहे. अटी वेळोवेळीं बदलतात. म्हणून चालू जाहिरात प्रत्येकानें स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये.

जाहिरात वाचतांना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या. पहिली, नियंत्रकाची भरती प्रशासन शाखेंतून होते. त्या शाखेंत निवड झाली म्हणजे नियंत्रकाची खुर्ची मिळालीच, असें नव्हे. त्यासाठीं निराळी पात्रता सिद्ध करावी लागते, आणि न झाल्यास तळाच्या व्यवस्थेचें काम पदरीं येतें. तेंहि मानाचें आहे, पण तें पत्करण्याची तयारी आधींच हवी. दुसरी, अल्प मुदतीच्या नेमणुकीचीं वर्षें दहा, आणि वाढवून मिळाल्यास आणखी चार. ती संपल्यावर निवृत्तिवेतन नाहीं. कायमची नेमणूक जागा व गुणवत्ता पाहून मिळते. पस्तीस-छत्तीसाव्या वर्षीं दुसरा डाव मांडावा लागेल, हें गृहीत धरून मगच अर्ज करावा.

घरच्यांनाहि कांहीं सोसावें लागेल. बदल्या दूरच्या, रडारचीं ठाणीं पुष्कळदां डोंगरमाथ्यावर, वाळवंटांत, आडरानांत. पाळ्या रात्रीच्या, दिवाळीच्या पहाटे इकडे अभ्यंगस्नान चाललें असतां मुलगी पडद्यापुढें बसलेली असेल. आणि आईला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे तिला आज काय केलेंस, हें विचारतां येणार नाहीं, विचारलें तरी उत्तर मिळणार नाहीं. "जेवलीस का?" एवढ्यावर समाधान मानण्याची संवय करावी लागेल.

आपल्या घरांतून सैन्याविषयीं आदर पुष्कळ. पण शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरीं, ही म्हणहि आपल्याच लोकांनीं केली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवास लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात; पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान पडले. त्या गांवच्या मातांनीं जें पिढ्यान्‌पिढ्या केलें, त्याचा अल्पसा अंशहि आपण करूं नये, हें शोभणारें नाहीं. मात्र म्हणून मुलांना ढकलावें, असाहि आमचा सल्ला नाहीं.

आतां दोन्ही पत्रांस उत्तर. साताऱ्याच्या गुरुजींस आमचें सांगणें असें कीं, मुलास सहा महिने या विषयाबद्दल कांहीं बोलूं नये. ज्याचें विमान हुकलें आहे त्यास आधीं त्याचें दुःख पुरतें करूं द्यावें. आज तो "हुकूम सोडीन" म्हणतो. यांत हरलेल्या मनाची ईर्षा आहे. वैमानिक होतां आलें नाहीं म्हणून जो पडद्यापुढें बसेल, तो प्रत्येक उड्डाणास आकाशांतल्या माणसाचा हेवा करील. सहा महिन्यांनीं "त्यांना सुखरूप परत आणीन" असें वाक्य त्याच्या तोंडून आपण होऊन आलें, तर त्यानें अवश्य अर्ज करावा. वयाच्या मर्यादेंत त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. तें वाक्य न आलें, तर पदवीचा दुसरा उपयोग शोधावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

सांगलीच्या बाईंनीं मुलीस पुढील परीक्षेस बसूं द्यावें. अबोलपणाची चिंता नको. या कामांत थोडें बोलणाराच उपयोगी पडतो. पण थोडें बोलणें आणि पुटपुटणें यांत फरक आहे. तिनें रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्यानें, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटें करून वाचावें. मराठीहि वाचावें आणि इंग्रजीहि, कारण रेडिओवरचें बोलणें इंग्रजींतच चालतें. तेथें अलंकारिक इंग्रजी नको. आंकडा ऐकणाऱ्यास एकदांच सांगून कळला पाहिजे, एवढेंच. वाचन ऐकावयास आजीबाईंनाच बसवावें. त्यांना ऐकूं कमी येतें, असें पत्रांत लिहिलें आहे. त्यांना पलंगावर बसून प्रत्येक शब्द स्पष्ट कळला, तर मुलीची निम्मी तयारी झाली असें समजावें. आणि उरलेल्या निम्म्या तयारीसाठीं आशीर्वाद त्यांच्याकडूनच घ्यावा.

दोन्ही घरांनीं पुढें काय ठरलें तें आम्हांस अवश्य कळवावें.